फाटक्या कोपऱ्यातली दोन अक्षरं

मु. पिंपळदरा, नजीक धारूर
कार्तिक शुद्ध तृतीया, फसली १३२१

प्रिय गहिनी, माझ्या राजा,

तू जिवंत आहेस. हे पहिल्या ओळीत घाल म्हटलं, तर लिहिणारं माणूस हसायला लागलं, की आजी, हे त्यांना ठाऊक असेल. असू दे ठाऊक. मला ठाऊक नव्हतं. अख्खी एक सकाळ नि अर्धी दुपार मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसाची गोष्ट तुला सांगितल्याबिगर माझ्या घशाखाली दिवाळीचा फराळ उतरायचा न्हाई. लिहिणारं माझं 'हाय' खोडून 'आहे' करतंय, 'न्हाई'चं 'नाही' करतंय. मधूनच एखादं निसटलं तर ते माझं समज.

घरी सगळं बरं. कपिलेला खोंड झाला, कपाळावर पांढरा टिळा. तुझ्या आईच्या करंज्या औंदा तेलात फुटल्या नाहीत म्हणून ती दोन दिवस मिरवत होती. तुझा बाप बीडच्या कचेरीतून आला आणि पुन्हा गेला, त्याची बैलं घरापेक्षा रस्त्यावरच जास्त. आता तुला वाटेल आजी मूळ गोष्ट सोडून कुठं चालली. येते. हे घरचं आधी सांगून घेतलं, कावून की पुढचं सुरू झालं की घरचं राहून जाईल.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आपला गडी मुंजाजी धारूरचा बाजार करून, रात्री तिथंच निजून सकाळी आला. मीठ, गूळ आणि तुझं टपाल ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं, नि तसाच गुरं घेऊन रानात गेला. मी हात धुवून पदराला पुसले, लिफाफा उचलला, आणि गहिनी, तशीच ओसरीवरून अंगणात उतरले. लिफाफ्याचा वरचा कोपरा फाटलेला. तू विलायतेत डॉक्टरकी शिकतोस, तुला विसर पडला असेल. आपल्याकडे कोपरा फाडलेलं टपाल कशाचं असतं? मयताचं. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच उभ्याउभ्या वाचतात, फाडून टाकतात आणि आंघोळीला जातात. तुझ्या आजोबांच्या भावाचं तसंच आलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलेलं.

वर पत्ता इंग्रजी नि उर्दूत. मला तर कुठलंच येत नाही, पण फाटक्या जागेतून आतला कागद दिसत होता आणि त्यावर निळ्या शाईची दोन अक्षरं. फक्त दोन. मी त्यांच्याकडे बघत राहिले, जशी काही माझी दया येऊन ती आपण होऊन बोलणार होती. तेवढ्यात माझी नातसून शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी लिफाफा कनवटीला खोचला. तिनं पाहिलं की नाही, मला कळलं नाही. तांब्या मात्र तिनं अर्धा माझ्या पायावर सांडला.

आता वाचून कोण देणार? तुझा बाप बीडला. गावात वाचणारा एकच, मोहनराव कुलकर्णी, आणि त्याचं तोंड तुला माहीत आहे. त्याला दाखवलं असतं तर पहिली ओळ संपायच्या आत पाणवठ्यावर रडारड सुरू झाली असती, आणि चार बायका येऊन त्या सोळा वर्षांच्या पोरीचे हात धरून बांगड्या फोडायला बसल्या असत्या. मग तो कागद खरा असो की खोटा. मी ठरवलं, धारूरला माझ्या भावाकडं जायचं. बद्रीनाथ वाचेल, मनात ठेवेल, आणि जे असेल ते मला आधी सांगेल. तुझ्या आईला म्हटलं, बद्रीनाथाचं पोट दुखतंय म्हणून सांगावा आलाय. देवा, माझ्या भावाच्या पोटाला काही होऊ देऊ नको. आणि शिवकन्येला बरोबर घेतलं. बाईमाणसानं एकटं जाऊ नये हे सांगायला झालं. खरं असं की, वाईट असेल तर तिला तिथं, परक्या नजरांपासून लांब, मला कुशीत घेता आलं असतं.

गाडी नव्हती, म्हणून कड्याची वाट धरली. चार कोस. तू लहानपणी माझं बोट धरून त्या वाटेनं आलेला आहेस. डाव्या हाताला डोंगराचं पठार, उजव्या हाताला काहीच नाही. सीताफळं इतकी लागली होती की डोळे उघडून बघत असल्यासारखी दिसत होती. एरवी मी दहा खाल्ली असती, त्या दिवशी एकाला हात लावला नाही. गवत पिवळं पडून वाटेवर वाकलेलं, खाली काळं रान पार गोदागंगेच्या बाजूला पसरलेलं, नि माझ्या कनवटीला तो लिफाफा निखाऱ्यासारखा. मी बडबड करत होते. तुला माहीत आहे, मला भ्यायला झालं की मी जास्त बोलते. कपिला कधी विणार, करंजीत खसखस घालावी का, बद्रीनाथाची बायको कशी मीठ कमी घालते. मागून नुसतं भाकरीचं गाठोडं आणि पावलांचा आवाज.

ती घोड्याच्या नाळेएवढी अरुंद जागा आहे ना, किल्ल्याच्या तटाच्या अलीकडं, जिथं वाट दरडीला चिकटून जाते आणि एका वेळी एकच पाय मावतो? तिथं मी पलीकडं गेले, वळून बघते तर पोरगी मधेच थांबलेली. थांबलेली म्हणजे, खाली बसली. पाय दरीत सोडून. तिच्या टाचेखालून मुरूम सुटून खाली गेला, आणि तो कुठं पडल्याचा आवाज आलाच नाही. मी हाक मारली, शिवकन्ये, ऊठ. ती उठेना. मी म्हटलं, अगं चक्कर आली का, गूळ देऊ का? ती खालीच बघत म्हणाली, आजी, तुम्ही पुढं जावा. मी म्हटलं, माझ्या मेलीच्या आधी कोण पुढं जातंय बघते, आणि त्या एका पायाच्या वाटेवरून, साठी उलटलेली मी, रांगत माघारी आले. हसू नकोस. गुडघ्याला अजून खपली धरलेली आहे.

तिच्या लुगड्याचा सोगा मी दोन्ही मुठींनी धरला, मगच विचारलं, काय झालं. मग ती बोलली. आजी, ते गेले. मी म्हटलं, कोण गेलं, जिभेला हाड आहे का तुझ्या! ती म्हणाली, कागदावर लिहिलंय. फाटलेल्या जागी. गे आणि ला. गेला. मी सकाळीच वाचलं. मला वाचता येतं आजी, माझ्यामुळंच झालं हे.

गहिनी, माझ्या कानांत वारा भरला. माहेरी तिचा भाऊ धुळाजी पाटीवर गिरवायचा आणि ही पाटी पुसायला बसायची. पुसता पुसता शिकली. आणि माझ्यामुळं झालं असं ती कावून म्हणत होती, ते मला तिनं सांगावं लागलं नाही. ते मीच तिला सांगितलं होतं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा गुळाच्या पुडीचा छापील कागद सरळ करून बघत बसली होती. मी तो तिच्या हातातून ओढला आणि म्हणाले, आपल्यात बायका कागद धरत नाहीत, बाईनं अक्षर वाचलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तिला दिलं, जसा पाटल्यांचा जोड द्यावा. मी विसरूनसुद्धा गेले होते. ती दोन वर्षं ते वाक्य पोटात घेऊन माझ्या घरात दळत होती.

मी त्या क्षणी काय केलं असेल? रडले? नाही. मला राग आला. तिचा नव्हे, माझाच, आणि तिचाही थोडा. मी म्हटलं, अगं भवाने, मी ज्या कागदापायी चार कोस तुडवत चालले, तो वाचणारी माझ्याच मागं भाकरी घेऊन चालतीय! आणि लिफाफा तिच्या मांडीवर टाकला. वाच म्हटलं. ती हात लावेना. वाचलं की आणखी काही होईल म्हणाली. मी म्हटलं, व्हायचं असेल ते माझ्या बोलण्यानं झालं, तुझ्या वाचण्यानं नाही. तुला मुकाट बसवलं ते पाप माझ्या नावावर. वाच, नाहीतर मी हा कागद न वाचता तसाच दरीत टाकते, आणि मग दोघी जन्मभर इथंच बसू.

तिनं फोडला. मी अक्षरांकडं बघितलं नाही, तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ओठ हलले. थांबले. पुन्हा पहिल्यापासून हलले. आणि मग गहिनी, तिनं असा श्वास घेतला जसा कुणी विहिरीतून वर येतं. मोठ्यानं वाचायला लागली. आजी, काल मी समुद्राच्या कड्याकड्यानं पायी चाललो, कोळ्यांच्या एका गावातून दुसऱ्या गावाला, दिवस कसा गेला, कळलं नाही.

दिवस गेला! अरे लेका, दिवस गेला! ती दोन अक्षरं तुला दुसऱ्या ओळीत टाकता आली नसती का?

मग आम्ही तिथंच, पाय दरीत सोडून, तुझ्याबरोबर चाललो. तू लिहिलंस, एका बाजूला खांद्याला गवत घासतं आणि दुसऱ्या बाजूला खाली पाणीच पाणी. मी समुद्र पाहिला नाही, पण दुपारच्या उन्हात खालचं रान हलत होतं, झाडंसुद्धा बुडाल्यासारखी दिसत होती. म्हटलं असंच असेल. तू लिहिलंस, पांढरे पक्षी पायाखालून उडतात नि त्यांच्या पाठी दिसतात, आणि आजी, मला आपल्या घारीची पाठ आठवली. शिवकन्या तिथं थांबली आणि खाली बोट दाखवलं. घार होती रे. आमच्या पायाखाली फिरत होती, तांबूस पाठ उन्हात चमकत होती. तू चार वर्षांचा असताना त्याच वाटेवर ओरडला होतास, आजी, घार उलटी झाली!

पुढं तू लिहिलंस, ओल्या दगडावर माझा पाय घसरला आणि, तिथं पान संपलं. त्यात वाऱ्यानं कागद कागदाला चिकटला. मी पोरीला चिमटा काढला, अगं उलट की, तो तिकडं लोंबकळतोय! उलटलं तर गुडघा खरचटला एवढंच. तुला दारात बसवून पट्टी बांधणाऱ्या त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. तिच्या हातची जाडीभरडी भाकरी खाल्लीस ते मी इथं कुणाला कळू देत नाही. आता आपला दोघांचाही एकेक गुडघा सारखाच झाला.

धारूरला गेलोच आम्ही, भावाच्या पोटाची चौकशी करायला. तो धडधाकट होता, उलट आम्हालाच विचारत होता, दोघी अशा वेड्यासारख्या हसताय कावून. त्याला पत्र पुन्हा वाचायला लावलं, मला गोड गोष्ट दोनदा ऐकायची होती. आणि परत येऊन मुंजाजीला धरलं. त्याच्या तंबाखूच्या डबीवर विलायतेच्या राजाचं डोकं, खळीनं चिकटवलेलं. तिकीट काढताना कोपरा आला म्हणे. कोपऱ्याचं टपाल काय असतं ठाऊक नाही का तुला, विचारलं तर म्हणतो, मालकीणबाई, ते कार्डाचं असतंय, हा तर लिफाफा हाय! तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी करंजी दिली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहवून घेतलं ते सांगते. कड्यावर वाचताना पोरीनं एक ओळ गिळली होती. शेवटाला अडखळली, पुढं गेली. मला वाटलं शाई फिसकटली असेल. बद्रीनाथानं ती वाचली. तू लिहिलं होतंस, शिवकन्येला वाचता येत असतं तर तिला वेगळं पत्र लिहिलं असतं. मी पोरीकडं बघितलं, ती भिंतीकडं बघत होती. तर गहिनी, लिही. लिफाफ्यावर नाव तिचं घाल, माझं नको, आणि तिकीट कोपऱ्याला लावू नकोस, मागच्या बाजूला मधोमध लाव, म्हणजे मुंजाजीला काढायचं असलं तर कोपरा राहील. तुझ्या बापाला नि मोहनराव कुलकर्ण्याला काय सांगायचं ते मी बघते, मला अजून दात आहेत. हे पत्र कुणाच्या हातचं, ते तुला एव्हाना कळलं असेल. ही ओळ लिहायला ती तयार नव्हती, टाक खाली ठेवला होता, मी कागदावर बोट ठेवून बसले तेव्हा कुठं उचलला. वरचा डाग शाईचा नाही. पुसू म्हणत होती, मी पुसू दिला न्हाई. कागदाच्या तळाशी कुलकर्णी जसं 'दस्तुर' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव घालतो, तसं तिला तिचं घालायला सांगितलंय.

जपून चाल, कडेनं चालू नको, आणि चाललास तर लिहायला विसरू नको.

तुझीच, वाट बघणारी आजी
निशाणी अंगठा, तुळजाबाई
दस्तुर शिवकन्या