आबांच्या धोतराची गोधडी

माय, तुला सप्रेम जयभीम.

मी खुशाल हाय. बोटीवर दोन्ही टाइम गरम जेवण भेटतं. तुझे गुडघे कसे हायेत? राजश्री कॉलेजला जाती ना?

घाबरू नको, पण मंगळवारी आमच्या शिडाच्या बोटीला तरंगतं लाकूड धडकलं अन् तळाशी भोक पडलं. कप्तान ओरडला, हाताला येईल ते कोंबा. तू आबांच्या धोतराची शिवलेली गोधडी मी भोकात कोंबली, वरून फळी लावून पाचर ठोकली. पाणी थांबलं.

तवापासून फळीखालून तीन ठोके येतात. कप्तान म्हणतो, लाट आपटती. पण विहीर खांदताना, वर घ्या म्हणून आबा बकेटीवर असेच तीन ठोके द्यायचे.

माय, विहिरीची दरड कोसळून आबा गेले त्या दिवशी वर यारीवर, बकेट ओढायला, मीच होतो. ठोके आलेच न्हाईत, असं मी तुला सांगितलं. आलते गं. चहा संपवून ओढतो, म्हणलं.

आता किनारा लागंपर्यंत फळी काढली तर सगळेच बुडू. आबांना वर कसं घेऊ?

तुझा लेक,
समाधान