पाटावरचं तेल

नाशिक, नवरात्राची आठवी माळ, १९९८. संध्याकाळ.

नंदादीपात तेल घालताना आईने ते आज डावीकडे पाटावरच ओतलं. तिला कळलंही नाही. काचबिंदू डाव्या डोळ्यातच जास्त आहे. मी घाबरून थेंबांची बाटली पाहिली. घटस्थापनेला आणलेली, सील तसंच.

"आई, मी रोज विचारत होतो. घातले म्हणायचीस."

"उपास आहे रे. थेंब घशात उतरतो, कडू लागतो. मग उपास कसला राहिला?"

"डोळ्यात घालतेस, तोंडात कुठे?"

"एकदा स्वतः घालून बघ, मग शिकव मला."

थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात जात नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. विसरलो? की किरकोळ वाटलं? विसरलो असं लिहिणं सोयीचं आहे. गेलेली नजर परत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. ते बरं लक्षात राहिलं.

आज मीच थेंब घातला, कोपरा दाबून धरला.

"नाही लागलं कडू," ती खुशीत म्हणाली. "आधी का नाही सांगितलंस?"

उद्या सकाळीच दवाखान्यात नेतो. आज नुसता हात हलला असेल, असं स्वतःला समजावत तेल पुसायला बसलो. पाटाखाली वाकून पाहिलं, तर फरशीवर आधीचंही तेल होतं. चिकट, धूळ धरलेलं. डावीकडेच.

किती दिवसांचं, ते तिला विचारायचा धीर झाला नाही.