ईशानचं जावळ आणि मामाची मांडी

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

सिल्वासाला ताईकडे नीट पोचलो. दाजींना खडोलीच्या कंपनीत जास्तीची शिफ्ट असते, ताई जरा वाळलीय, पण काळजी करू नकोस. भांडी आता मी घासतो.

घोटाळा एवढाच, की तू ज्याच्या जावळाला मला पाठवलंस तो ईशान माझ्याकडे येतच नाही. अडीच वर्षांचा झाला, आणि मी सदा भटकत, ओळखणार कसा? मांडीवर घेतलं की किंचाळतो. ताई म्हणाली, "कात्रीला नाही, तुलाच घाबरतोय तो. दाढी तरी कर!"

म्हणून त्याच्याशी गट्टी जमवायला काल दोघांना घेऊन दादऱ्याच्या बागेत गेलो. तिथे तळ्याकाठी एक बाई मक्याचं कणीस काय भाजते, आई! असो. ईशान माझ्यापासून पळता पळता चिखलात फतकल मारून बसला. ताई धावली. तिला थांबवून मीही त्याच्या शेजारी चिखलात बसलो. तो बघतच राहिला. मग माझ्या दाढीला चिखल फासून खदखदा हसला, आणि घरी येईस्तोवर खांद्यावरून उतरला नाही.

आज सकाळी पुन्हा ताईच्या मागे लपला! "रोज दिसलास तर ओळखेल ना," ताई म्हणाली.

तुझे गुडघे कसे आहेत? गुरुजींना जावळाची तारीख पुढची काढायला सांग. पोराला रडवत मांडीवर दाबून धरणं मला जमायचं नाही. तोवर मी इथेच राहतो. खरंच राहतो, हसू नकोस.

तुझा,
हेमंत