आमच्या पऱ्याची नदी

६ जानेवारी
पेपरात वाचलं: निसर्ग आणि संस्कृती, दोन्ही दृष्टींनी असाधारण असलेल्या नद्यांना संरक्षित दर्जा मिळणार. गावांनी अर्ज करावेत. घरामागच्या पऱ्यासाठी, म्हणजे आमच्या ओहोळासाठी, मी करणार. आजपासून त्याला नदी म्हणायचं. पोफळीच्या वीजघरात स्टोअरकीपर होतो, पाण्यातलं मला कळतं. करुणा म्हणाली, नदीला मार्चमध्येही पाणी लागतं. बायकोला व्हिजन नाही.

९ जानेवारी, सकाळी
नैसर्गिक मूल्य शोधायला काठावर बसलो. पाणमांजर दिसलं! करुणाच्या मते ते शेजारच्या गंगारामचं मांजर, पऱ्यात पडलेलं. अर्जात पाणमांजरच लिहिलं. मांजर होतं, पाण्यात होतं.

१० जानेवारी
सांस्कृतिक मूल्य. गंगारामला विचारलं, नदीची काही जुनी आठवण? म्हणाला, लहानपणी त्याची चप्पल वाहून गेली होती. लिहिलं: पादुका-विसर्जनाची परंपरा. अर्ज पोस्टात.

२ फेब्रुवारी
समिती कधीही टपकेल. संरक्षण आधीपासूनच दिसायला हवं. नदीवर कपडे धुणं बंद करवलं. येसूबाई वाडीतल्या सगळ्या बायका घेऊन दारात. म्हणाली, प्रमोदा, मंग कापडं कुटं धुवाची? मी मोठ्या मनाने म्हटलं, आमच्या परसातल्या विहिरीवर या. चार दिवसांचा तर प्रश्न.

३ फेब्रुवारी
आल्या. गोधड्यांसकट.

१५ मार्च
नदी भूमिगत झाली आहे. ('आटली' म्हणायचं नाही.) परसात पहाटेपासून धोपटणं. करुणा माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी त्या आवाजात ऐकू येणार नाही.

११ एप्रिल
उद्या समिती! नदीवर गेलो आणि गहिवरलो. पाणी! बारीक, पण वाहतं! वर पांढराशुभ्र फेस. वरच्या अंगाला कुठेतरी धबधबा असणार. करुणाला बोलावून दाखवलं. तिने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिलाही पटलं एकदाचं.

१२ एप्रिल
समितीच्या शमिका मॅडम खूश. एप्रिलात वाहतं पाणी म्हणजे विशेषच, म्हणाल्या, चला, उगम बघू. मी पुढे, समिती मागे. प्रवाह करवंदीच्या जाळीला वळसा घालून, गंगारामच्या कुंपणाच्या दगडी गडग्याखालून आमच्याच परसात शिरला. धुण्याच्या दगडापाशी संपला. तिथे येसूबाई चादर पिळत होती. मॅडमनी फेसाचा वास घेतला. साबण का, असं विचारलं. व्हय, लिंबाचा, येसूबाई म्हणाली. उगमाबद्दल तज्ज्ञांत नेहमीच मतभेद असतात, असं मी स्पष्ट केलं. कोणी लिहून घेतलं नाही.

२० एप्रिल
मॅडमचा फोन. दर्जा नाही. मात्र परसातल्या सांडपाण्यासाठी ताबडतोब शोषखड्डा खणा, म्हणाल्या. खड्ड्याला काही दर्जा मिळू शकतो का, विचारलं. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

२१ एप्रिल, दुपारी
सकाळपासून खणतोय. बायका दगडावर बसून सूचना देतायत. करुणा त्यांना चहा देतेय, मला नाही. जेमतेम फूटभर झालं.
खाली कातळ लागला.