निळ्या ठिगळाचे जाकीट

प्रिय लायनेल,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने लिहून झाला. राहू दे आता. तुझी चिठ्ठी मिळाली. रविवारी नेहमीसारखा चहाला येतोस, जर्दाळूचा मुरांबा मी एकटीने फस्त करू नये, आणि माझे सायकलचे हिरवे जाकीट नाटकाच्या पेटीबरोबर कुठे तरी हरवले, नवीन घेऊन देशील, असे तू लिहिले आहेस. इतके सहज लिहिले आहेस की शुक्रवारी माझी दाढ दुखली नसती तर मी विश्वास ठेवला असता. पण जाकिटाचे मागाहून. आधी इथली हालहवाल सांगते.

आमच्या मुलींच्या कॉलेजात नेहमीचेच चालू आहे. सकाळची घंटा झाली की कुडकुडत उठायचे, जगमधल्या पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडून तोंड धुवायचे, हे दिवस संपले एकदाचे. मे महिना लागला. तरी वरच्या वर्गातली मिस ब्रेथवेट अजून लोकरी मोजे सोडत नाही. ती आता मला मिस ब्रेथवेट राहिली नाही, हीच मोठी बातमी. परवा कोको पिताना तिने पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाली, “मिस लिडगेट, तुमची हरकत नसेल तर आपण एकमेकींना नावाने हाक मारायची का?” वरच्या वर्गातल्या मुलीने विचारल्याशिवाय आम्ही ते करत नाही, तुला माहीतच आहे. मागे हे ऐकून तू पोट धरधरून हसला होतास. “पदव्या मागताय आणि नावाने हाक मारायला लाजताय!” म्हणालास. मीही हसले होते. पण लायनेल, त्या प्रथेत एक शहाणपण आहे. जवळ येण्याआधी माणूस विचारतो. आता ती कॉन्स्टन्स आहे आणि मी हेस्टर, आणि तिने विचारले तेव्हा मला रडू फुटायचेच बाकी होते.

आमचे नाटकही झाले. मी राजा होते. राजाला विजार घालायची परवानगी नाही, प्रेक्षकांत एकही पुरुष नसला तरी नाही, म्हणून मी लोकरीच्या स्कर्टवर लांब झगा चढवून सिंहासनावर बसले आणि पाय दिसू नयेत म्हणून प्राचार्यबाईंनी माझ्यापुढे फर्नची कुंडी ठेवली. कुंडीमागून मी दोन शत्रूंचा शिरच्छेद करवला. तुमच्या कॉलेजात मात्र दर सत्राला पुरुष बायकांची कामे करतात आणि गावातल्या सगळ्या बहिणींची कपाटे रिकामी होतात. कॉन्स्टन्सच्या भावाने तिची टोपी नेली ती पिसे गमावून परत आली. म्हणून तू एप्रिलमध्ये येऊन “हेस्टर, तुझं ते जुनं जाकीट दे ना, आम्हाला प्रहसनात एक सायकलवाली हवीय,” म्हणालास तेव्हा मी दुसरा विचारही केला नाही. उलट बजावले, “वरचं काज घट्ट आहे हं, ओढू नकोस.” तू म्हणालास, “मला सांगतेस? इतकी वर्षं ते बटण लावलंय कोणी?” खरेच होते ते. थंडीत माझी बोटे आखडली की तूच अंगठ्याने दाबून ते बटण लावून द्यायचास आणि मग आपण गिरणीपर्यंत शर्यत लावायचो.

त्याच दिवशी आपण बायकांना पदव्या द्यायच्या की नाही, त्या मतदानाविषयी बोललो होतो. मी तुला विचारले नव्हते, तूच विषय काढलास. आपण दोघे एकाच वेळी जन्मलो, एकाच शिक्षकाकडे ग्रीक शिकलो. धातूंची रूपे तू माझ्याकडून घोटून घेतलीस, त्याचे मी काही म्हणत नाही. पेपर तेच, गुण तेच. पण परीक्षा झाली की तू पदवीधर होणार आणि मी ‘परीक्षेला बसू दिलेली मुलगी’. शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मागायला गेले तर हे काय सांगू? म्हणून सगळे पदवीधर गावात येऊन मत देणार होते त्या दिवसाची आम्ही वर्षभर डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली होती. तू मुरांब्याचा चमचा चाटत म्हणालास, “मला मत असतं ना, तर तुलाच दिलं असतं. आणि तुझ्याविरुद्ध बोलणाऱ्याचं थोबाड फोडलं असतं.” मी ते वाक्य किती जणींना सांगितले! माझा भाऊ, माझा भाऊ, करत मी सगळ्यांचे कान किटवले.

मतदानाच्या त्या शुक्रवारी आम्हाला गावात जायची बंदी होती. पण दाढेने जीव नकोसा केला, तेव्हा प्राचार्यबाईंनी मिस टॉलहर्स्टना सोबत देऊन घोडागाडीने दंतवैद्याकडे धाडले. टॉलहर्स्टबाई तुला आठवतात ना, व्याख्यानाला आमच्यासोबत बसून मोजे विणणाऱ्या? परतताना चौकात गाडी अडकली. एवढी पोरे जमली होती की घोडा बिथरला. टोप्यांच्या दुकानातल्या बाईने आम्हाला आत घेतले आणि वरच्या मजल्यावर बसवले. समोरच्या घराच्या खिडकीतून दोरखंडाला बांधलेली खरी सायकल बाहेर लोंबत होती आणि तिच्यावर पेंढ्याची एक बाई बसवलेली होती. हिरवे जाकीट. डाव्या कोपरावर निळे ठिगळ, आपल्या जेवणघराच्या पडद्याचे. मी आधी ठिगळ ओळखले आणि मग तुला. तू खिडकीच्या चौकटीवर पाय बाहेर सोडून बसला होतास. जाकीट पुढून उघडे पडत होते, खालून कोणीतरी ओरडले, “अरे, बाईसाहेबांची अब्रू झाका!” आणि तू वाकलास आणि ते वरचे बटण लावलेस. अंगठ्याने दाबून, न ओढता. माझे लावायचास तसेच.

मी काय पाहते आहे हे टॉलहर्स्टबाईंना बहुतेक कळले. त्यांनी विणकाम खाली ठेवले. “खिडकीतून ऊठ, पोरी,” म्हणाल्या, “त्यांना बघणारं कोणी नसलं की ती नुसतीच पोरं असतात.” पण मी उठले नाही. निकाल कळला, आम्ही हरलो, सपशेल हरलो, आणि तुम्ही दोर सोडलात. खाली तिच्या चिंध्या झाल्या. एकाने बाही उपटून टोपीला बांधली. तू वर टाळ्या वाजवत होतास, मान मागे टाकून, घरी हसतोस तसा. मतांचे दुःख मला होणारच होते, ते इथे सगळ्यांना आहे, वाटून घेता येते. तुझे कोणाबरोबर वाटून घेऊ? परत आल्यावर कॉन्स्टन्सने विचारले, “फार दुखतंय?” मी म्हटले, दाढ काढली ना.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. काल आईचे पत्र आले. आपली मॉड प्रवेशपरीक्षा पास झाली, ऑक्टोबरमध्ये इथे येते. आईने लिहिले आहे, “तुझं हिरवं जाकीट घरी पाठव, मॉडच्या मापाचं करून देते. ठिगळ तसंच ठेव म्हणते, तिला ताईचंच जाकीट हवंय.” लायनेल, काचघराची तावदाने तू फोडलीस तेव्हा मी चेंडू माझा म्हणून सांगितले. बाबांचे तट्टू तू लंगडे केलेस तेव्हाही मीच बोलणी खाल्ली. त्या वेळी मला त्यात मोठेपणा वाटायचा. या वेळी मी काहीही सांगणार नाही. पेटी हरवली असेही नाही आणि काय झाले तेही नाही. आईला तू लिही. तिने शिवलेल्या जाकिटाचे तू काय केलेस ते तुझ्या अक्षरात लिही, आणि मॉडलाही वाचून दाखवायला सांग, कारण तीही “माझा भाऊ, माझा भाऊ” करतच इथे येईल. तुझे पत्र पोचल्याचे आईने मला कळवले की चहाला ये. मुरांबा ठेवते. त्याआधी आलास तर दारावरची बाई तुला सांगेल की मिस लिडगेट कोणाला भेटत नाहीत.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही. बहीण मात्र आहे, ते काही मताला टाकता येत नाही.

हेस्टर