कडा उतरायची राहिली

कोथरूड,
सोमवार, ता. ८ डिसेंबर १९९७

चि. सौ. हेमा हिला बायडाबाईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखू आलं नसेल. माझंच आहे. दुसरीपर्यंतची शाळा, तीही शेळ्या सांभाळत, त्यामुळे ओळी जरा चढावर गेल्यात, सांभाळून घे. एरवी मी सांगते आणि मैना लिहिते. हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून ती शाळेत गेल्यावर बसले आहे. आज खरोखरच शाळेत गेली आहे.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही सगळे लोणीला बरे असाल. सर्जेरावांच्या उसाला तोड आली का? इथं थंडी चांगलीच आहे. गुडघे बोलतात माझे. समोरच्या पेरूच्या झाडाजागी आता चार मजले झालेत, गच्चीत कपडे वाळत घातले की सगळ्या सोसायटीला कळतं आज कोणाकडे काय धुतलं.

तर आनंदाची बातमी आधी सांगते. मैनाला बक्षीस मिळालं! उत्तेजनार्थ का असेना, पण चाळीस शाळांमधून. काल सदाशिव पेठेत एका वाचनालयाच्या सभागृहात स्पर्धा होती, पहिली ते चौथीच्या पोरांसाठी. आपल्या वीरांच्या गोष्टी सांगायच्या, पाच मिनिटांत. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दुसरी, की उतरायचं खाली. तिच्या वर्गाच्या मेहरुनबाईंनी नाव दिलं. फार चांगल्या आहेत त्या. स्वतःच्या डब्यातली पोळी मैनाला देतात आणि मला म्हणतात, "आजी, ही बोलायला लागली की मी खडू खाली ठेवते."

काय जत्रा होती म्हणून सांगू! एका खोलीत सात मावळे आणि चार झाशीच्या राण्या. एका मावळ्याची मिशी दुधाच्या पेल्यात पडली. एका राणीला लघवीला लागली आणि पाठीवरचं बाळ कुणी सोडेना, तिची आई पिना शोधत होती. मी हसून हसून बेजार.

आपल्या मैनाची हिरकणी. आधी माझ्या आईनं मला सांगितलेली, तीच मी तिला शिकवली. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद होतात, गडकरी सोडत नाही, खाली घरी तान्हं बाळ भुकेलेलं, मग ती काळोखात कडा उतरून जाते. महिनाभर रोज घोकून घेतली. कडा उतरताना हात कसे करायचे, ठेच लागल्यावर कसं थांबायचं, सगळं. हिरवं लुगडं हवं होतं, तर ट्रंकेतून तुझं हिरवं काढलं, बजरंगनं पहिल्या दिवाळीला आणलेलं. मधून दुमडून, चार टाके घालून नेसवलं. उभी राहिली ती, आणि एका पायावर दुसरा पाय ठेवला. बजरंगसारखाच. तो गेला त्याला चार वर्षं झाली, पण तो पाय काही गेला नाही.

सुरुवात फार छान केली. चरवी डोक्यावर घेऊन अशी चालली की पहिल्या रांगेतल्या बायका वा वा म्हणाल्या. गडाच्या दारापर्यंत सगळं बरोबर होतं. "गडकरीदादा, दार उघडा, माझं बाळ घरी आहे." मग आवाज जाडा करून गडकरी झाली आणि म्हणाली, "बाळ घरी नाही. शाळेत गेलंय. उगाच खेपा घालू नको."

लोक हसले. पाळण्यातलं बाळ शाळेत कसं जाईल? परीक्षक होते यज्ञेश्वर गुरुजी म्हणून, रिटायर मुख्याध्यापक, सकाळपासून ज्यांच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती, तेही हसले. माझ्या शेजारच्या बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "गोड आहे हो नात." सगळं सभागृह हसत होतं, मी सोडून.

मैना म्हणाली, "हसू नका. ते खोटं होतं. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. बाळ मोरीत पाय धूत होतं. त्याला आईचा आवाज आला."

गुरुजी म्हणाले, "मग बाळ बाहेर का नाही आलं?"

तर म्हणते, "आलं असतं तर गडकरी खोटा पडला असता ना. म्हातारा होता तो."

हेमा, तुला कळलंच असेल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस, रविवार, दारात उभी, हातात डबा. आणि मी उंबऱ्यात आडवी उभी राहून सांगितलं, मैना शाळेत गेली आहे. दिवाळीच्या रविवारी! तू माझ्याकडे बघितलंस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, मी पण तोंड सोडलं असतं. तू डबा उंबऱ्यावर ठेवलास, "येते आत्याबाई" म्हणालीस आणि जिना उतरलीस. त्याआधी एकदा ताप आहे म्हणाले होते, एकदा माझ्या भावाकडे गेली म्हणाले होते. ताप नव्हता. भावाकडेही गेली नव्हती. तू मैनाला धाडलेली दोन पत्रं मी डाळीच्या डब्यामागं लपवली आहेत.

डब्यातले चिरोटे शेजारणीनं दिले म्हणून तिला सांगितलं. तिनं एकही खाल्ला नाही. चार दिवसांनी अंथरुणाला मुंग्या लागल्या, बघते तर उशीखाली सगळे चिरोटे. मी तिला बोल बोल बोलले. तेव्हा मला वाटलं पोर नुसतीच वेंधळी आहे.

तर तिकडे सभागृहात दुसरी घंटा वाजली. मैना खाली उतरायला लागली तर गुरुजी म्हणाले, "अगं बाळे, हिरकणी कडा उतरायची राहिली की."

"उतरते आहे," मैना म्हणाली. "तिला वेळ लागतो. दोन बस बदलाव्या लागतात."

परत सगळे हसले. टाळ्या पण खूप पडल्या.

बक्षीस घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. कंपासपेटी आहे, निळी. गुरुजींनी मला विचारलं, "आजी, गोष्ट कुणी शिकवली?" मी म्हटलं, मीच. "मग शेवट का नाही शिकवलात?" म्हणाले, आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं. शिकवला होता गं. देवाशपथ रोज शिकवला होता.

बसमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तुझ्या लुगड्यातच. मी डेक्कनपासून घरापर्यंत तिच्याकडे बघत आले. काय विचारू? सगळं माहीत असून महिनाभर माझ्यासमोर उभी राहून ती मला हिरकणी म्हणून दाखवत होती, आणि मी तिचे हात सरळ करत होते.

सर्जेरावांशी तुझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, तू जा, पण पोर माझ्या बजरंगची आहे, ती इथंच राहील. लोक म्हणाले, बायडाबाईनं मन मोठं केलं, सुनेला वाट दिली. कसलं मोठं. एकटी पडेन म्हणून पोर धरून ठेवली. ती घरात असली की बजरंग कामावर गेलाय असं वाटतं, येईल सहा वाजता. तुझं लग्न झाल्यापासून तुझ्या नावाआधी मी कधी सौ. लिहिलं नाही, आठवतं? तुला पाठवलेल्या माझ्या भाच्याच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा नुसतं हेमा लिहिलं. लिहिलं की माझा मुलगा पुरता गेला असं होईल, असं वाटायचं. आज वर लिहिलं आहे. लिहून मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

येत्या २१ तारखेला, रविवारी, शाळेचं स्नेहसंमेलन आहे. मेहरुनबाईंनी मैनाला तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतलंय. साडेनऊला. तू ये. सर्जेरावांनाही आण, मी त्यांना चहा करीन. मी मैनाला काही सांगणार नाही, तू आली नाहीस तर तिची वाट बघणं माझ्यानं बघवणार नाही. तू आलीस तर शेवट तिचा ती सांगेल.

नंतर घरी या. तिला न्यायची की ठेवायची, ते तिलाच विचार, माझ्यासमोर विचारू नको. माझ्यासमोर ती माझ्या बाजूनं खोटं बोलेल. आणि मला तर विचारूच नको.

जास्त काय लिहू. शाळा सुटायची वेळ झाली, तिला आणायला जायचं आहे.

तुझ्या मैनाची आजी,
बायडाबाई

ता. क. तुझा डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून इतके दिवस काय घालू ते सुचत नव्हतं. तू ये. डबा मैनाच्या हातात देईन.