अक्काचा आवाज कुठं फाटला

३ एप्रिल, बुधवार. केज
गाणं रेकॉर्ड करायला अक्काला माइकपुढं उभं केलं. तीन तास. हाती शून्य.
थोरली बहीण. गाणं मला हिनंच शिकवलं, म्हणून ओरडताही येईना. १४ला तिच्या गावात बायांच्या दूध संस्थेची सभा. दुष्काळात निम्म्यांनी जनावरं विकली, आता संस्थाच बंद करायचा ठराव येणार. अक्काचं म्हणणं, त्याआधी गाणं जीपवर लावून वस्त्यांवर फिरवायचं. तिनंच बांधलंय:

किटली रिकामी, म्हणून रुसू नये
दावणीची गाय बाई, बाजारी नेऊ नये

अंगणात म्हणते तेव्हा काटा येतो अंगावर. माइकपुढं मेल्यागत. वर 'बाजारी'चा 'बा' आला की हेडफोनात कुणी दार आपटल्यासारखा धप्प.

४ एप्रिल
माइकपुढं जाळी लावली. माइक जरा तिरका केला, श्वास थेट आत जाऊ नये म्हणून. 'बा' सुधारला. अक्का सुधरेना. एक ओळ माइककडं, दुसरी भिंतीकडं, तिसरी पदरात.
"अक्का, वीतभर अंतर. मान हलवू नको."
"मान न हालवता बाई गाती का रे? मी काय फोटू काढाया आले?"
पंखा बंद, भिंतींना गोधड्या, खोलीची भट्टी. दुपारी एक टेक जमत आला, तर बाहेर टँकरचा हॉर्न. सगळी गल्ली धावली, माझी बायको सुमनपण घागर घेऊन. टेक गेला. टँकरला शिव्या तरी कशा द्यायच्या.

६ एप्रिल
भांडण. अक्कानं हेडफोन काढून आपटला.
"लंगोटीत होतास तवा तुला सूर धराया शिकिवला. आता तू मला गाणं शिकिवतो?"
म्हणालो, गाणं नाही, उभं राहायला शिकवतोय. अजूनच भडकली. दारातून म्हणाली, "त्या दांड्याला तोंड न्हाई, डोळं न्हाईत. गाय इकू नको म्हणून सांगू कुणाला?"
जीपमध्ये बसून गेली. मी गोधड्यांकडं बघत बसलो.

८ एप्रिल
दोन दिवस तेच वाक्य डोक्यात. आज हातापाया पडून बोलावलं. माइकच्या मागं खुर्ची टाकून स्वतः बसलो. "मला सांग. मी गाय घेऊन बाजाराला निघालोय."
बघत राहिली. मग उचललं.
मान माझ्याकडं, तोंड आपोआप जागेवर. असलं गायली, असलं गायली की मी…
मशीनवर आवाजाची लेव्हल बघायची विसरलो. ती 'बाजारी'वर उसळली तेव्हा लाल दिवा लागला असणार. ऐकलं तर नेमका तिथं आवाज फाटलेला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. बाकी सगळं सोनं. मोठ्या आवाजाच्या माणसाची लेव्हल आधीच खाली घ्यायची, हे पहिल्या आठवड्यात शिकतात. मला पंधरा वर्षं झाली. गाढव!
"काय झालं रे?"
"वर गेलीस तिथं आवाज फाटला."
खरंच बोललो. कुणामुळं, ते बोललो नाही.

९ एप्रिल
परत म्हण म्हणून फोन. "न्हाई. काल आतनं आलं ते आज कुठनं आणू?"
आधीच्या टेकमधला 'बाजारी' कापून जोडून बघितला. एका बाईच्या तोंडात दुसरीचे दात. काढून टाकला. कालचा टेक होता तसाच दिला.

११ एप्रिल
जीप फिरतेय. भोंग्यावर सगळंच थोडं फाटकं, कुणाला काही कळलं नाही. एक म्हातारी शेळ्या थांबवून शेवटपर्यंत ऐकत होती म्हणे.
सुमन म्हणते, "झालं की काम. मग तोंड कामून पाडलंय?"

१३ एप्रिल
अक्काच्या गावी. उद्या सभेत तिनं उभं राहून गावं असं बायांनी ठरवलेलं. ही नको म्हणतेय.
"जीपवर ऐकलं मी. बाजारीवर गळाच फाटलाय माझा. वय झालं, दिगू. चारचौघीत फजिती कशाला? तुझं मशीनच लाव."
तिथंच सांगायचं होतं. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस बसली ती उठेना, म्हणून बोलवायला आले. अक्का गेली. मी चहा पीत बसलो. लाज वाटायला हवी.

१४ एप्रिल, रविवार
सकाळी सांगितलं. ओसरीवर वेणी घालत होती. "लेव्हल माझी चुकली, अक्का. तुझा गळा साफ हाय."
हात थांबले. "सा दिस गप बसलास?"
"हो."
वेणी पुरी केली, चपला घातल्या, माझ्या पुढं चालू लागली.

११.२० झाले. शाळेच्या व्हरांड्यात सभा. माइक उभा केलाय, मशीन पिशवीतच ठेवलंय. अक्का पार शेवटच्या रांगेत जाऊन बसलीय. आत्ता अध्यक्षीणबाईंनी तिचं नाव पुकारलं. अजून उठलेली नाही. सगळ्या बाया वळून तिच्याकडं बघतायत, आणि ती माझ्याकडं. वही ठेवतो, माइकमागं जाऊन बसतो.